गुडघा काय मोजतो

मोटारसायकलवाल्यांच्या कट्ट्यावर माणसाची पारख दोन गोष्टींवरून होते. एक म्हणजे मागच्या टायरच्या कडांना न झिजलेल्या रबराची पट्टी किती उरली आहे, जिला ही मंडळी 'चिकन स्ट्रिप्स' म्हणून हिणवतात. दुसरी म्हणजे लेदर सूटच्या गुडघ्यावरचा प्लास्टिकचा नी-स्लायडर किती खरवडला आहे. पट्टी जितकी अरुंद आणि स्लायडर जितका खरवडलेला, तितका चालवणारा पोचलेला. या हिशेबात वळणावर गुडघा जमिनीला लागणे ही परीक्षा ठरते आणि ती पास होण्यासाठी रविवारी पहाटे घाटातली तीच दोन-तीन वळणे पुन्हा पुन्हा मारली जातात. एखादा मित्र कॅमेरा घेऊन कठड्यावर बसलेलाही असतो. या प्रकरणाचे म्हणणे असे, की ही परीक्षाच चुकीची लावलेली आहे. टेकलेला गुडघा हे एक मोजमाप आहे. त्याने काय मोजले जाते, ते माप कुठे उपयोगाचे आणि कुठे फसवे, हे नीट समजले तर गुडघा टेकवायला शिकायचे कसे, कुठे आणि मुळात कशासाठी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

सुरुवात कलापासून करावी लागेल. दुचाकी वळणावर झुकते, कारण तिला दुसरा पर्यायच नसतो. वळताना बाहेरच्या बाजूला उलथवू पाहणारा जोर चारचाकी आपल्या दोन चाकांमधल्या रुंदीच्या बळावर पेलते. दुचाकीला ती रुंदी नाही, म्हणून ती आपले वजन आतल्या बाजूला कलवून तोल साधते. किती कलायचे हे दोनच गोष्टी ठरवतात: वेग आणि वळणाची त्रिज्या. 50 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 60 किलोमीटरने घेतले तर तोलासाठी जवळजवळ 30 अंशांचा कल लागतो. तेच वळण 80 ने घेतले तर 45 अंश आणि 105 ने घेतले तर 60. 60 चा वेग एक तृतीयांशाने वाढून 80 झाला की कल दीडपट होतो. हा वेगाच्या वर्गाचा महिमा आहे. गाडी जड की हलकी, शंभर सीसीची की हजाराची, याचा या हिशेबात काही संबंध नाही. टायरला रस्त्यावर किती पकड लागेल हेही याच दोन गोष्टींवर ठरते. 45 अंश म्हणजे गाडी आणि स्वार यांच्या एकूण वजनाइतकी पकड आडव्या दिशेने लागते. चांगला रस्ता, चांगले टायर आणि कोरडी हवा असेल तर रस्त्यावरच्या गाडीची पकड साधारण तिथेच संपत येते.

आता यात टायरची रुंदी मिसळू. वरचे कोन कागदावरचे आहेत, धारेवर चालणाऱ्या चाकाचे. खरे टायर गोल पाठीचे आणि रुंद असतात, त्यामुळे गाडी झुकली की जमिनीला टेकलेला भाग मधून सरकून आतल्या कडेला जातो. म्हणजे वजन जितके आत न्यावे तितका आधारही थोडा आत येतो आणि तोल साधायला गाडीला आणखी झुकावे लागते. आजच्या स्पोर्ट्स बाइकच्या टायरचा नमुना घेऊन गणित केले तर 30 अंशांच्या जागी प्रत्यक्षात गाडी सुमारे 34 अंश झुकते. हे वरचे चार अंश कुणाला दिसत नाहीत, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यांच्यात आहे.

कारण हे चार अंश परत मिळवायचा एक मार्ग स्वाराच्या हातात असतो. तोल सांभाळावा लागतो तो गाडी आणि स्वार या दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्याचा. 180 किलोची गाडी आणि 75 किलोचा स्वार धरला, आणि स्वाराने आपल्या अंगाचे वजन सरासरी 15 सेंटिमीटर आतल्या बाजूला नेले, तर सामाईक मध्य साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आत सरकतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण त्याच वळणावर, त्याच 60 च्या वेगाने गाडीला आता 34 ऐवजी 29 अंशच झुकावे लागते. उलट स्वार घाबरून अंग बाहेरच्या बाजूला धरून बसला तर गाडी 39 अंशांच्या घरात जाते. वेग तोच, वळण तेच, टायरवरचा आडवा ताणही तोच. केवळ बसण्यातल्या फरकाने गाडीच्या कलात दहा अंशांचे अंतर पडते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अंग बाहेर काढल्याने पकड वाढत नाही. पकड किती लागणार ते वेग आणि त्रिज्या ठरवून बसलेली असतात. वाढते ती गाडीच्या कलातली शिल्लक. फुटपेग, स्टँड, सायलेन्सर यांना जमिनीपासून जागा उरते; टायर अगदी कडेवर न चालता थोडा आतल्या, रुंद भागावर चालतो; आणि सस्पेन्शन उभ्याच्या जितके जवळ तितके खड्डे चांगले पचवते, कारण खड्ड्याचा धक्का वरून येतो आणि 50 अंश झुकलेल्या गाडीचे शॉक-अॅब्सॉर्बर त्याला नीट सामोरे जाऊच शकत नाहीत. म्हणजे अंग बाहेर काढण्याचा हेतू गाडी कमी झुकवणे हा आहे. गुडघा टेकवण्यासाठी गाडी जास्त झुकवणारा माणूस नेमके याच्या उलट काम करत असतो.

यावर जुन्या पिढीचा एक आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. माइक हेलवुडने नऊ जागतिक अजिंक्यपदे मिळवली ती टाकीला गुडघे चिकटवून आणि गाडीच्या रेषेत अंग ठेवून. मग ही आतली कसरत फॅशन नाही कशावरून? उत्तर हेलवुडच्या टायरमध्ये आहे. साठच्या दशकातले शर्यतीचे टायर अरुंद होते आणि त्यांची पकडही आजच्या मानाने बेताची. अरुंद टायरला त्या वरच्या चार अंशांचा भुर्दंड कमी बसतो, आणि पकडच आधी संपत असल्यामुळे गाडीच्या कलात शिल्लक ठेवून तिचे करायचे काय? सत्तरच्या दशकात टायर रुंद होत गेले, मग नक्षी नसलेले गुळगुळीत स्लिक्स आले, इंजिनांची ताकद वाढली, आणि पकडीच्या आधी गाडीचा कलच संपू लागला. याच काळात यार्नो सारिनेन या फिनलंडच्या स्वाराने अंग आत टाकून, गुडघा उघडून वळणे घ्यायला सुरुवात केली. 1972 मध्ये तो यामाहावर 250 सीसीचा जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात मोंझाच्या शर्यतीत मरण पावला. त्याची शैली पाहून अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने ती उचलली, मातीच्या ट्रॅकवर शिकलेल्या आपल्या चालवण्यात मुरवली, आणि 1978 ते 1980 अशी लागोपाठ तीन वर्षे 500 सीसीचे अजिंक्यपद जिंकून ती युरोपच्या गळी उतरवली. नी-स्लायडर तेव्हा बाजारात नव्हते. स्वार गुडघ्यावर चिकटपट्टीचे थर गुंडाळत, ते झिजले की नवे लावत. गुडघा जमिनीला लागावा म्हणून ती चिकटपट्टी नव्हती. तो लागतच होता आणि चामडे फाटत होते, म्हणून ती लावावी लागली. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आजचा शिकाऊ स्वार आधी स्लायडर विकत घेतो आणि मग तो झिजवायचा कसा या विवंचनेत पडतो.

लागणाऱ्या गुडघ्याचा एक उपयोग मात्र या मंडळींच्या लवकरच ध्यानात आला. खोली बघायला नावाडी पाण्यात बांबू सोडतो तसा तो गुडघा आहे. बांबूने नाव चालत नाही. तळ किती खाली आहे एवढे हाताला समजते. वळणावर स्वाराचे डोळे पुढे, वळण जिथे सुटते त्या टोकाकडे असतात. स्पीडोमीटरकडे पाहायला सवड नसते. अशा वेळी जमीन आपल्यापासून किती अंतरावर आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे स्पर्श. स्लायडर हा तळहातात मावेल एवढा कडक प्लास्टिकचा तुकडा असतो, मागे वेल्क्रो लावलेला, गुडघ्याच्या वाटीच्या जरा बाहेरच्या अंगाला बसणारा. तो पहिल्यांदा लागतो तेव्हा आधी आवाज येतो, कोरडा खरखराट. मग पोटरीपर्यंत बारीक थरथर जाणवते. सरावलेला स्वार त्यावर काही करत नाही. मागच्या फेरीत याच वळणावर गुडघा नेमका कुठे लागला होता, या फेरीत त्याच्या आधी लागला की नंतर, हलका लागला की दाबून, एवढीच नोंद त्याच्या डोक्यात होते. ट्रॅकवर हे माप अनमोल ठरते, कारण तिथे तेच वळण, त्याच डांबरावर, दर दोन-एक मिनिटांनी परत येते आणि मागच्या नोंदीशी ताडून बघता येते. शिवाय हे माप प्रामाणिक राहायचे तर बसण्याची ढब दर फेरीला तीच हवी. एकदा अंग पूर्ण बाहेर आणि एकदा अर्धे असेल तर गुडघ्याने सांगितलेल्या कोनाला काही अर्थ उरत नाही.

आता गाडीतच कल मोजणारे सेन्सर आले आहेत, तेव्हा गुडघ्याची गरज काय, असे कुणी विचारील. बॉश कंपनीची कल ओळखून ब्रेक सांभाळणारी यंत्रणा 2013 पासून रस्त्यावरच्या मोटारसायकलींवर आहे, आणि काही महागड्या गाड्या फेरी संपल्यावर सर्वाधिक कल किती झाला होता ते पडद्यावर दाखवतातही. पण सेन्सरची माहिती गाडीच्या संगणकाला मिळते. स्वाराला ती वळणाच्या मध्यावर, नजर न हलवता मिळत नाही. गुडघ्याने ती मिळते. दुसरा आक्षेप याहून मोहक आहे: पुढचे चाक निसटताना गुडघ्यावर गाडी तोलून पुन्हा उभी केल्याची दृश्ये सगळ्यांनी पाहिली आहेत, मग गुडघा हा आधार नाही का? तो काही क्षणांपुरता आधार होऊ शकतो, हे खरे. पण मोटोजीपी शर्यतींतल्या मार्क मार्केझसारख्याला ते साधते, कारण निसटणे सुरू होताच त्याच्या शरीराला ते ठाऊक झालेले असते, आणि ते ठाऊक होण्याचे एक साधन हाच आधीपासून जमिनीवर फिरत असलेला गुडघा आहे. आधार म्हणून गुडघ्यावर विसंबणाऱ्याला हे जमत नाही. गुडघ्यावर टाकलेले प्रत्येक किलो वजन टायरवरून उचललेले असते, आणि पकड तर टायरनेच धरायची असते.

मग शिकायचे कसे? गुडघा विसरून. शिकण्याचे खरे काम वळण सुरू होण्याच्या आधीच आटपायचे असते. सरळ रस्त्यावर, ब्रेक लावण्यापूर्वी, निदान ब्रेक लावत असताना, आतल्या बाजूचा अर्धा नितंब सीटवरून सरकवून बाहेर न्यायचा. गाडी झुकल्यावर सरकायला गेले की ती डचमळते. बाहेरच्या पायाची मांडी टाकीच्या खोबणीत दाबून धरायची. सगळे शरीर त्या एका जागेवरून लटकायचे असते. नवशिका हीच गोष्ट विसरतो आणि हँडलला लटकतो. पाऊल फुटपेगवर चवड्यावर ठेवायचे, म्हणजे घोटा वळायला मोकळा राहतो आणि बोटे जमिनीला घासत नाहीत. छाती टाकीच्या जवळ, आतला कोपर वाकलेला आणि सैल, हनुवटी आतल्या आरशाच्या दिशेने. हात सैल आहेत का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वळणाच्या मध्यावर आतला कोपर कोंबडीच्या पंखासारखा हलवता यायला हवा. मग आतल्या हँडलवर पुढच्या दिशेने दाब द्यायचा. डावीकडे जायचे तर डावे हँडल पुढे. उलटे वाटते, पण दुचाकी झुकवायचा दुसरा कार्यक्षम मार्ग नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचा संस्थापक कीथ कोड याने हे पटवण्यासाठी एक गाडीच तयार केली. तिला नेहमीच्या हँडलशिवाय दुसरे हँडल थेट चौकटीला घट्ट जोडले होते, थ्रॉटलसकट. त्या न फिरणाऱ्या हँडलला धरून नुसत्या अंगाच्या वजनाने गाडी वळवून दाखवा, असे तो विद्यार्थ्यांना सांगे. गाडी थोडीफार कडेला सरके, पण वळण म्हणावे असे काही होत नसे. अंग गाडीला वळवत नाही, वळलेल्या गाडीचा कल कमी करते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा प्रयोग दुसरा सापडणार नाही.

गुडघ्याचे काम या सगळ्यानंतर येते आणि ते जवळजवळ काहीच नसते. कंबर सरकली, मांडी घट्ट बसली, की आतला पाय खुब्यातून आपसूक उघडतो आणि तसाच राहू द्यायचा. तो खाली ताणायला गेले की काय होते ते समोरून काढलेल्या फोटोत फार ठळक दिसते. कंबर आणि गुडघा आत, आणि छाती, डोके मात्र टाकीच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला. पायाचे वजन आत गेले, धडाचे बाहेर आले. धड जड, त्यामुळे हिशेब उलटा पडतो आणि गाडी अंग सरळ ठेवल्यापेक्षाही जास्त झुकते. वर म्हटलेले 39 अंश इथे येतात. त्यातच बाहेरचा हात ताणला जाऊन नकळत हँडल ओढतो आणि गाडी वळणातून बाहेर पडू बघते. गुडघा लागलेला असतो, फोटोही झकास येतो, आणि स्वार मात्र शिल्लक संपवून बसलेला असतो. तसे पाहिले तर गुडघा लावायला वेग फारसा लागतच नाही. साधारण 40 ते 50 अंशांच्या दरम्यान, उंची आणि सीट यांप्रमाणे कमी-अधिक, गुडघा जमिनीला पोचतो. 10 मीटर त्रिज्येच्या गोलात 45 अंशांसाठी ताशी 36 किलोमीटर पुरतात. मोकळ्या, स्वच्छ, बंद मैदानावर छोट्या गाडीने एवढ्याच वेगात गोल फिरून गुडघा लावता येतो, आणि ढब शिकायला हा वेग जास्त चांगला, कारण पडले तरी पूर्ण संरक्षक पोशाखात सहसा खरचटण्यावर निभावते. मात्र हेच उदाहरण कट्ट्यावरच्या परीक्षेचा निकालही लावते. सायकलवाल्याच्या वेगाच्या जेमतेम दुप्पट वेगात जे साधते त्यावरून कुणी किती वेगवान हे कसे ठरवणार?

आणि घाट? वाद खरा तिथेच आहे. गुडघा मोजतो तो कल आणि अप्रत्यक्षपणे पकड. ट्रॅकवर याच दोन गोष्टी तुटपुंज्या असतात, म्हणून त्यांचे माप कामाचे. घाटात तुटपुंजी असते ती नजर. पुन्हा तेच 50 मीटर त्रिज्येचे वळण घेऊ, फक्त आतल्या बाजूला डोंगराचा कडा, तुमच्या मार्गापासून 3 मीटरवर. भूमिती सांगते की अशा वळणावर पुढचा रस्ता कोणत्याही क्षणी सुमारे 34 मीटरच दिसतो. दिसेल तेवढ्या अंतरात थांबता यावे हा रस्त्यावरचा पहिला नियम. भानावर येऊन ब्रेक लावायला दीड सेकंद आणि नंतर बऱ्यापैकी जोराचे ब्रेक धरले, तर 60 च्या वेगाने थांबायला 45 मीटर लागतात, 80 ने 69. 34 मीटरमध्ये थांबायचे असेल तर वेग 50 च्या आत हवा. त्या वेगाला कल लागतो सुमारे 21 अंश, टायरची रुंदी धरून 24-25. गुडघा तिथून अजून पंधरा ते पंचवीस अंश दूर असतो. म्हणजे या वळणावर ज्याचा गुडघा लागला तो दिसणाऱ्या रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर थांबायला लागेल अशा वेगात आहे. आणि हा हिशेब उभ्या गाडीच्या ब्रेकिंगचा झाला. झुकलेल्या टायरची 80 टक्के पकड वळण्यातच खर्च होत असेल तर ब्रेकसाठी 60 टक्केच उरते, आणि पुढे अचानक एसटी दिसल्यावर दचकून दाबलेला ब्रेक हे गणित करून दाबला जात नाही.

यात आपल्याकडच्या डाव्या बाजूच्या वाहतुकीची एक खास गोम आहे. उजव्या वळणावर 45 अंश झुकलेल्या स्वाराचे टायर त्याच्या लेनमध्ये असतात, पण डोके आणि खांदा त्याच्या मीटरभर उजवीकडे, म्हणजे बहुतेक वेळा मधल्या पट्ट्याच्या वर किंवा पलीकडे, असतात. समोरून वळण कापत येणारा ट्रक नेमका तिथूनच जातो. डाव्या वळणावर तेच डोके गटाराच्या, किलोमीटरच्या दगडाच्या, कठड्याच्या वर असते. वळणाच्या आतल्या कडेला साचणारी खडी, पावसाळ्यातले शेवाळ, चढावर जड गाड्यांनी सांडलेले डिझेल यांची यादी वाढवत बसायला नको. 'मला हा घाट पाठ आहे' या उत्तराची फोड मात्र करायला हवी. पाठ असतो तो रस्त्याचा आकार. ट्रॅकवर आकाराबरोबर पृष्ठभागही तोच राहतो, समोरून कुणी येत नाही, आणि खडी आलीच तर झेंडे घेऊन माणसे उभी असतात. घाटात यातले काहीच बांधील नसते, त्यामुळे मागच्या रविवारच्या नोंदीशी आजची नोंद ताडता येत नाही.

मग घाटात अंग हलवूच नये का? हा प्रश्न रास्त आहे, कारण अंग आत नेले की गाडीचा कल कमी होतो हे मीच वर मांडले, आणि शिल्लक तर रस्त्यावरच जास्त हवी. उत्तर असे की खांदे आणि डोके थोडे आत, आरशाच्या दिशेने, एवढ्यानेच त्या पाच अंशांतले बरेचसे मिळतात, कारण माणसाचे वजन धडात जास्त असते. कंबर सीटवरून सरकवण्याला मात्र वेळ आणि मेहनत लागते, लागोपाठच्या नागमोडी वळणांवर ते थकवते, आणि अंग बाहेर असताना समोर अडथळा आला तर दिशा बदलायला उशीर होतो. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत साठ किलोमीटरची फेरी गावांतून, दगडी भिंतींच्या कडेने, बंद केलेल्या सार्वजनिक रस्त्यावरच होते. 2023 मध्ये पीटर हिकमनने ती ताशी 219 किलोमीटरच्या सरासरीने मारली. तरीही तिथले स्वार सर्किटवरच्यांपेक्षा अंग कमीच बाहेर काढतात आणि कलाचा शेवटचा हिस्सा राखून ठेवतात, कारण भिंतीपुढे माफी नाही. ज्यांना पूर्ण ढब शिकायची आहे त्यांच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, जिथे कीथ कोडच्या शाळेचे वर्गही झाले आहेत. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट आहे. वळणांसाठीच घडवलेली केटीएम आरसी 390 पुण्याशेजारी चाकणला तयार होते आणि ती पुरती वापरायला पुणेकराने चेन्नई गाठावी, हा खर्चाचा भाग खटकणारा आहेच. पण तो रस्त्यावर शिकण्याच्या बाजूने युक्तिवाद होत नाही. पोहायला तलाव लांब आहे म्हणून कुणी पुरात उतरत नाही.

एक शंका उरते. गाडी कमी झुकवणे हाच हेतू असेल तर जगातले सर्वोत्तम स्वार वर्षागणिक जास्त का झुकत चालले आहेत? मोटोजीपीत कल 60 अंशांच्या पुढे गेला आहे; 2013 मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झालेल्या मार्केझने कोपर घासत वळणे घेऊन साऱ्यांना तीच वाट दाखवली. कारण पुन्हा टायर. पकड वाढली की त्याच वळणात जास्त वेग पेलतो आणि वेगासोबत कल येतोच. अंग आत टाकलेले नसते तर तो याहूनही जास्त झाला असता आणि गाडीच जमिनीला घासली असती. पण त्या कलावर गुडघ्याची एक अडचण होते. जमीन इतकी वर येते की उघडा गुडघा तिला फार आधीच लागतो आणि पुढे माप देणे बंद करतो. उघडाच ठेवला तर जमीन तो वर ढकलते आणि टायरवरचे वजन हलके होऊ लागते. म्हणून आजचे स्वार गुडघा दुमडून गाडीच्या अंगालगत ओढून घेतात. मोजण्याचे काम आता कोपराकडे गेले आहे, आणि लेदर सूटच्या कोपरावरही तसाच प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो.